दुसरा कीपर

प्रत्येक चेंडूला ते बसायचे.

मैदानात नव्हे, मैदानाबाहेर. आमची फिल्डिंग सुरू असताना बोलर धावायला लागला की बाउंड्रीच्या दोरीमागे ते गुडघे मोडून खाली बसत, दोन्ही पंजे समोर उघडत, आणि चेंडू खेळून झाला की उठून उभे राहत. पुढच्या चेंडूला पुन्हा तेच. नव्वद ओव्हरचा दिवस असेल तर पाचशे चाळीस वेळा. पाहुण्या टीमची पोरं पहिल्या दिवशी हसायची, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ काढायची आणि तिसऱ्या दिवशी तिकडे बघायचीही नाहीत. आम्ही तर केव्हाच बघणं सोडलं होतं.

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यात थोडा मान होता आणि थोडी थट्टाही होती, एखाद्याचा मामा होतो म्हणतात त्यातली. त्यांना दोन्ही कळत असावं. खरं नाव टीमच्या यादीत असायचं, पण अगदी तळाशी, आणि यादी तळापर्यंत वाचतो कोण?

मी तेव्हा जिल्ह्याच्या टीमचा कीपर होतो आणि ते माझे राखीव. मी बावीसचा, ते अडतीसचे. क्रिकेटमध्ये बोलर चार-पाच लागतात, बॅट्समन सहा-सात लागतात. कीपर एकच. तो एक बरा असेल आणि आजारी पडत नसेल, तर दुसऱ्याला बसून राहण्याखेरीज काम नसतं. मी बरा होतो आणि आजारी पडत नव्हतो.

पहिल्या दिवशी ते प्रॅक्टिसला आले तेव्हा अंगात जळगावच्या टीमचं जॅकेट, खाली धुळ्याची ट्रॅकपँट आणि डोक्यावर तिसऱ्याच कुठल्या तरी क्लबची टोपी होती. किटबॅगेला झेंडूचा वास येत होता. मी जरा चढेल आवाजात विचारलं, "तुम्ही नक्की कोणाचे?"

"सध्या तुमचा," ते म्हणाले आणि खाली बसून पॅड बांधायला लागले.

अठरा वर्षांत त्यांच्या नऊ टीम झाल्या होत्या. मी 'बदलल्या' म्हणायचो, ते 'झाल्या' म्हणायचे, घरात मुलं व्हावीत तसं. सातपूरच्या एका कारखान्याने त्यांना खेळाडू म्हणून घेतलं तेव्हा ते वीस वर्षांचे होते. तिथला कीपर मॅनेजरचा मेहुणा होता. तो मेहुणा खेळायचा थांबेपर्यंत कारखान्याने टीमच बंद केली. मग देवळाली कॅम्पातला एक क्लब. तिथला कीपर आपल्यापेक्षा चांगला होता, हे ते स्वतःहून सांगायचे. मग जळगाव, धुळे, नगर, मधे परत नाशिक. एक हंगाम तर राज्याच्या संघाबरोबर फिरले. तीन महिने, सात शहरं, सामना एकही नाही. त्या सातही शहरांत कुठल्या टोकाकडून चेंडू खाली राहतो, ते त्यांना पाठ होतं. या सगळ्या वर्षांत सामन्याच्या सकाळी अकरा नावांत त्यांचं नाव सात वेळा वाचलं गेलं.

कारण साधं होतं. हात उत्तम होते, बॅटिंग नव्हती. पूर्वी हे चालून जायचं. आता कीपरने पन्नास धावाही काढायच्या असतात. प्रत्येक टीमला असा एक कीपर सापडायचाच, आणि मग त्याच्यामागे उभा करायला विश्वासाचा, तक्रार न करणारा माणूस लागायचा. मामा तक्रार करायचे नाहीत. त्यांची एवढी वर्षं त्यातच गेली असं कधी कधी वाटतं.

सामन्याच्या दिवशी त्यांचे नियम ठरलेले होते. खेळणाऱ्यांच्या आधी अर्धा तास येऊन पूर्ण वॉर्मअप करायचा. पॅड बांधायचे ते संध्याकाळीच सोडायचे. दिवसभर चहा नाही, कारण चहाने लघवीला जावं लागतं आणि नेमकं त्याच वेळी बोलावणं आलं तर? जेवण सगळ्यांच्या आधी आणि अर्धंच. हातात कायम आतले पातळ ग्लोव्हज. कोणाशी हात मिळवायचा तरी ते काढायचे नाहीत. यजमान क्लबचे अध्यक्ष एकदा त्यांचा तो ओलसर कापडी हात हातात घेऊन बराच वेळ अवघडून उभे होते.

माझ्याशी त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. मी मैदानात उतरायला लागलो की मागून म्हणायचे, "खेळ तू. मी आहे."

सुरुवातीला मला त्या वाक्याचा राग यायचा. हा धीर आहे की इशारा, ते कळायचं नाही. मग त्याची सवय झाली. ते मला सगळं सांगायचे. धुळ्याचा तो लेगस्पिनर गुगली टाकताना खांदा आधी वळवतो. नगरच्या मैदानावर दुपारी तीननंतर ऊन थेट कीपरच्या डोळ्यांवर येतं, तेव्हा टोपी खाली ओढ. अठरा वर्षं बाहेरून बघून गोळा केलेलं ते मला, म्हणजे त्यांची जागा अडवून बसलेल्या पोराला, असं सहज देऊन टाकायचे. मी ते घ्यायचो. त्यांनी का द्यावं, असा प्रश्न मला त्या वयात पडला नाही.

एक गोष्ट मात्र मी विचारली होती. त्यांच्या बसण्या-उठण्याबद्दल. त्यांच्या कारकिर्दीतली बरीचशी वर्षं नियमच असा होता की बदली खेळाडूने मैदानात येऊन फक्त फिल्डिंग करायची, कीपिंग नाही. म्हणजे खेळ सुरू असताना मुख्य कीपर जखमी झाला असता तरी मामांना ग्लोव्हज घालून आत जाता आलं नसतं. अकरातल्याच कोणीतरी ते घालायचे. मग हे रोजचं पाचशे चाळीस वेळा कशासाठी?

"नियम बदलतात," ते म्हणाले. "तवा गुडघे तयार पाहिजेत ना."

आणि नियम खरंच बदलला. अंपायरची परवानगी असेल तर बदली खेळाडूलाही कीपिंग करता येईल, असं ठरलं. ज्या आठवड्यात ते कळलं त्या आठवड्यात मामांनी नियमाच्या पानाची झेरॉक्स काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पँटच्या मागच्या खिशात ठेवली. ती कोणाला दाखवली नाही. आम्हाला ती नंतर दिसली.

देवळाली कॅम्पातल्या एका सराव सामन्याची गोष्ट टीममध्ये पुढे कित्येक दिवस सांगितली जायची. समोरच्या टीमच्या कीपरचं सकाळी पोट बिघडलं. त्यांच्याकडे दुसरा नव्हता. त्यांचा कॅप्टन आमच्याकडे आला तेव्हा आमचे कोच म्हणाले, "आमचा घ्या की, रिकामाच आहे." सराव सामना, कोणाची हरकत नव्हती. मामा आमच्याविरुद्ध कीपिंगला उभे राहिले. उभे राहिले म्हणजे खरोखरच उभे राहिले. जेवणाआधी त्यांनी आमच्या कॅप्टनला स्टंप केलं. मी एकतीसवर होतो. एक चेंडू बॅटजवळून गेला. बोलरने अपील केलं नाही, स्लिपने केलं नाही. एकटे मामा दोन्ही हात वर करून ओरडले. त्यांचा तेवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. अंपायरने बोट वर केलं.

परतीच्या टेम्पोत त्यांच्याशेजारी कोणी बसेना. शेवटी मीच बसलो.

"मामा, ती कड मला पण कळली नव्हती."

"तुला कळली होती," ते म्हणाले. "तू लगेच ग्लोव्हजकडं बघितलं."

"पण आपल्याच टीमविरुद्ध?"

"मी आज कोनाच्या मागं उभा होतो?" त्यांनी विचारलं. नाशिक रोड येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. त्या दिवशी ते दिवसभर खेळले होते.

मखमलाबादला त्यांचा मळा होता, दोन एकर, झेंडू आणि शेवंती. फुलं पहाटे तोडून पंचवटीतल्या बाजारात घालायची आणि तिथूनच मैदानावर यायचं, म्हणून बॅगेला तो वास. एकदा दसऱ्याच्या आठवड्यात मी त्यांना न्यायला गेलो. मामी क्रेट भरत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमीच सांगा भाऊ, झेंडूला भाव आला की ह्यांची मॅच. आन् मॅचला जाऊन काय करायचं? बसायचं! मंग हितं काय बसायला जागा नाय?"

मामा हसले आणि बॅग उचलली.

"घरात खाली बसून जेवत नाय," मामी मला सांगत राहिल्या. "खाटंवर बसून जेवतात. म्हनं गुडघे जपायचे. देवाच्या पाया पडताना बी उभ्यानंच हात जोडतात. लय येडा मानूस हाय."

बोलताना त्यांनी एका फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधला आणि न विचारता बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवला. भाकरी अर्धीच होती. त्यांना नियम माहीत होता.

आता बोटाबद्दल. हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

नाशिकला तीन दिवसांचा सामना होता आणि राज्याच्या शिबिरासाठी मुलं निवडायला निवड समितीचे दोन सदस्य येऊन मंडपाखाली बसले होते. आमच्या टीममध्ये दोघांचं नशीब त्या तीन दिवसांत ठरणार होतं. एक मी. दुसरा किरण, सिन्नरचा डावखुरा वेगवान बोलर. तो तिथल्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करायचा आणि त्या सामन्यासाठी रजा काढून आला होता. पुढच्या वेळी रजा मिळणार नाही, असं त्याला साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पहिल्या सकाळी अकराच्या सुमारास किरणचा एक चेंडू अचानक उसळला आणि माझ्या डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाच्या टोकावर बसला. आवाज मला ऐकू आला. मी ग्लोव्ह काढला नाही. कोणाला काही कळलं नाही असं मला वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत मामा माझ्यामागे वॉशरूममध्ये आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. "दाखव."

बोट जांभळं पडून सुजलं होतं. त्यांनी ते हलवून बघितलं, मी दात आवळले. "मोडलंय," ते म्हणाले.

"मामा, कोणाला सांगू नका. तीन दिवस फक्त."

"मी कशाला सांगू?" त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली आणि मोडकं बोट शेजारच्या बोटाला बांधून दिलं. इतकं व्यवस्थित, की वरून ग्लोव्ह चढल्यावर काही कळू नये. हे बोट दाखवलं असतं तर ते त्याच दुपारी मैदानात असते. मला हे दिसत होतं आणि त्यांना तर दिसतच असणार. त्यांनी पट्टीचं टोक दातांनी तोडलं, नीट दाबून बसवलं आणि म्हणाले, "खेळ तू. मी आहे."

दुपारी मी किरणच्या बोलिंगवर दोन झेल सोडले. दोन्ही सरळ हातात आलेले. दुसरा सुटला तेव्हा किरण जागच्या जागी वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. माझ्याकडे बघितलंही नाही. नंतर टाळी वाजवून म्हणाला, "चल, व्हतं असं." मंडपाखाली एक सदस्य वहीत काहीतरी लिहीत होता.

दुसऱ्या दिवशी आमची बॅटिंग होती, ते निभावलं. तिसऱ्या सकाळी परत फिल्डिंग. मी नेहमीप्रमाणे वॉशरूममध्ये जाऊन हात पुढे केला. मामांनी खिशातून पट्टी काढलीच नाही.

"आज नाय बांधनार," ते म्हणाले.

"का?"

"बोट तुझं हाय. त्याचं काय करायचं ते तू कर. पर परवा सुटले ते झेल किरणचे व्हते."

मला राग आला. बोट ठणकत होतं आणि आदल्या रात्रभर झोप नव्हती, पण ती कारणं खरी नाहीत. ते बरोबर बोलत होते म्हणून राग आला. मी म्हटलं, "सरळ सांगा ना, तुम्हाला खेळायचंय म्हणून."

नळ ठिबकत होता, तो त्यांनी घट्ट बंद केला.

"खेळायचंय ना," ते म्हणाले. "कोनाला नसतं? तुला काय वाटलं, मला बाहेर बसायला आवडतं? अठरा वर्षं मी रोज सकाळी म्हनतो, आज. पर मी तुझं नाव सांगायला जानार नाय. ते तुलाच सांगावं लागंल. नसंल सांगायचं तर दे हात, बांधतो."

आणि त्यांनी खरोखरच खिशातून पट्टी काढून हातात धरली.

मी बाहेर आलो आणि कोचना बोट दाखवलं. त्यांनी मला काय काय म्हटलं ते लिहिण्याजोगं नाही. वेळ थोडा होता. पहिल्या स्लिपला उभा राहणारा शाळेत कधीतरी कीपिंग करायचा. कोचनी त्याला ग्लोव्हज घालायला सांगितलं, कारण बदली खेळाडूला चालत नाही, ही जुनी गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की होती. मामांनी मागच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली.

"सर, आता चालतं. अंपायरला विचारावं लागतं फक्त."

कोचनी पान वाचलं, अंपायरकडे गेले. अंपायरने माझं बोट बघितलं, मामांकडे बघितलं आणि मान हलवली.

त्यानंतरचं मी बाहेरून पाहिलं. दोरीमागे उभा राहून, हात गळ्यात बांधून. तिथून खेळ वेगळाच दिसतो. आत असताना मी सारखा बोलायचो, बोलरला, स्लिपला, स्वतःला. मामा एक अक्षर बोलत नव्हते. किरणचा चेंडू बाहेर जाताना ते त्याच्याबरोबर सरकायचे, धावायचे नाहीत, आणि चेंडू हातात आल्याचा आवाज फार हलका यायचा. पहिला झेल डावीकडे, जमिनीलगत. दुसरा लेगसाइडला, बॅट्समनच्या अंगाआड, मला तर चेंडू दिसलाच नाही, नुसते मामा उठून उभे राहिलेले दिसले. तिसरा उंच उडालेला. त्यासाठी ते फाइन लेगच्या दिशेने पॅडसकट धावत सुटले आणि अठरा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ओरडले, "माझा!"

किरणला त्या डावात सहा विकेट मिळाल्या. सामना अनिर्णित राहिला. संध्याकाळी ड्रेसिंग रूममध्ये मामांनी पॅड सोडले, पुसून बॅगेत ठेवले आणि दोन कप चहा प्यायले. "उद्या शेवंतीला पानी द्यायचंय," म्हणून निघून गेले.

किरणची निवड झाली. माझी झाली नाही, आणि पुढेही झाली नाही. बोट वाकडंच जुळलं. दोन हंगामांनंतर मी खेळणं थांबवलं आणि अंबडला एका कंपनीत नोकरी धरली. मामांना त्या सामन्यानंतर कोणी मुख्य कीपर केलं नाही. माझ्या जागी अठरा वर्षांचा एक बॅट्समन-कीपर आला आणि मामा त्याच्यामागे दोरीबाहेर दोन वर्षं बसले. मग गुडघ्यांनीच नाही म्हटलं. कोणाला न सांगता त्यांनी येणं बंद केलं. यादीतून नाव गेलेलं आम्हाला एक महिन्याने कळलं.

पण सामना संपल्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. एका स्थानिक पेपरात बातमी आली. बातमीदार सामन्याला नसावा, त्याने यादीवरून लिहिलं. कीपर म्हणून माझं नाव होतं, म्हणून 'तीन अप्रतिम झेल' माझ्या नावावर. माझ्या आईने ती बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. दिवसभर अंगठे आणि फुलांचे गुच्छ येत राहिले. मी कोणालाच खरं सांगितलं नाही. आधी वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, आता काय सांगायचं.

दोन वर्षांपूर्वी किरणला एका मोठ्या लीगमध्ये घेतलं आणि सिन्नरला त्याचा सत्कार ठरला. मी मोटरसायकलवर गेलो, मामांना मागे घेऊन. त्यांनी मळ्यातल्या झेंडूचा, मनगटाएवढा जाड हार आणला होता. तो मांडीवर सांभाळत ते सगळा रस्ता बसले. मंगल कार्यालय भरलं होतं. आम्हाला पाचव्या रांगेत जागा मिळाली.

सूत्रसंचालकाकडे जुन्या कात्रणांची फाइल होती. त्याने त्यातली ती बातमी वाचली. "ज्यांच्या तीन झेलांमुळे किरणभाऊंची निवड झाली," म्हणून त्याने माझं नाव पुकारलं आणि मला स्टेजवर बोलावलं. टाळ्या सुरू झाल्या. स्टेजवरच्या किरणने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारी. त्याचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं, तेवढ्यात एका पुढाऱ्याने त्याच्या खांद्यावर शाल टाकून त्याला फोटोसाठी वळवलं.

मी मामांकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत होते. "जा, बोलावताहेत," म्हणाले.

मी गेलो. शाल घेतली, नारळ घेतला. माइक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. सूत्रसंचालकाने विचारलंही, "दोन शब्द?" मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना तो माझा विनय वाटला, त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

परतताना मखमलाबादच्या फाट्यावर, मळ्याकडे जाणाऱ्या वाटेशी मी गाडी थांबवली. ते उतरले. ऊन कलत होतं. मी म्हटलं, "मामा, मी तिथे बोलायला पाहिजे होतं."

मला वाटलं, ते म्हणतील, सोड रे. जन्मभर ते तेच म्हणत आले होते.

"हो," ते म्हणाले. "पाहिजे व्हतं."

हेल्मेट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि वाटेने चालू लागले. सावकाश, एक गुडघा जरा जपून.

पुढच्या शनिवारी मी किरणला फोन केला आणि सगळं सांगितलं. "मला वाटलं तू बोलशील," एवढंच तो म्हणाला. मग मी मैदानावरच्या, जुनी स्कोअरबुकं ठेवलेल्या खोलीत गेलो. आमचे स्कोअरर आता निवृत्त झालेले गृहस्थ, पण किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. त्यांनी धूळ झटकून ते बुक काढलं. त्या डावाचं पान सापडलं. तीन ठिकाणी त्यांच्याच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'झेल बदली'. पुढे काही नाही.

"पुढे कंसात नाव घालायचं असतं," ते ओशाळून म्हणाले. "घाईत राहिलं असेल."

"आता घालता येईल?"

"चूक माझी आहे. मी घालू शकतो."

मी म्हटलं, थांबा, आणि दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन आलो. कुठे जायचंय ते सांगितलं नव्हतं. ते फुलांच्या बाजारातून थेट आले होते. खोलीत शिरल्यावर बुक बघितलं आणि आधी बाहेर जाऊन हात धुऊन आले.

स्कोअररनी त्यांना पूर्ण नाव विचारलं आणि तीन कंसांत तीनदा लिहिलं, सावकाश, जुन्या अक्षराला जुळेल असं. खाली तारीख घालून सही केली. मग बुक त्यांच्याकडे वळवलं.

मामा पानावर वाकले. बराच वेळ वाकून होते. मी खिडकीकडे बघायला लागलो, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे बघावंसं वाटेना. त्यांनी ओल्या बोटाने नव्हे, बोटाच्या पाठीने एकेक ओळ खाली खाली तपासली आणि एका ओळीवर थांबले.

"आन् जेवणाआधीचं स्टंपिंग?" ते म्हणाले. "ऑफस्पिनरच्या बोलिंगवर. चवथी विकेट."

मला ते अजिबात आठवत नव्हतं. त्या दिवशी मी बाहेर उभा राहून सगळं बघितलं होतं, तरी आठवत नव्हतं. आम्ही दोघांनी पुढे वाकून बघितलं. त्या ओळीत 'यष्टिचीत बदली' लिहिलेलं होतं, आणि पुढची जागा रिकामी.

स्कोअररनी पेनचं टोपण पुन्हा काढलं.